लाल सिग्नल कॅमेरा

लाल सिग्नल कॅमेरा हे चौकातील वाहतूक नियंत्रक दिवा लाल असताना थांबरेषा ओलांडणाऱ्या वाहनाचे छायाचित्र आपोआप टिपणारे उपकरण आहे. छायाचित्रातील नोंदणी क्रमांकावरून वाहनमालकाचा शोध घेतला जातो आणि त्याला दंडाची सूचना पाठवली जाते. भारतात ही सूचना सामान्यतः ई-चलन या नावाने ओळखली जाते. चौकातील काटकोनी धडका कमी करणे हा या यंत्रणेचा मुख्य हेतू होय. परंतु तिची न्याय्यता केवळ कॅमेऱ्याच्या अचूकतेवर अवलंबून नसते. पिवळा दिवा किती सेकंद ठेवला आहे, पुरावा किती स्पष्ट आहे आणि वाहनमालकाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते का, या तीन बाबींवर ती अवलंबून असते. या तिन्ही मुद्द्यांवरून जगभरात न्यायालयीन वाद झाले आहेत.

## इतिहास

स्वयंचलित वाहतूक कॅमेऱ्यांच्या विकासात नेदरलँड्समधील मोटार शर्यतपटू मॉरिस गॅट्सोनिडिस यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. त्यांनी १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली होती. वळणावरील आपला वेग अचूक मोजता यावा, म्हणून त्यांनी वेगमापक उपकरण तयार केले. १९५८ मध्ये त्यांनी गॅट्सोमीटर ही कंपनी स्थापन केली. या कंपनीने १९६५ मध्ये लाल सिग्नल कॅमेरा तयार केला. त्यात रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्यांवरून वाहनाचे चाक गेले की हवेचा दाब बदलत असे आणि त्या संकेताने कॅमेरा चालू होत असे.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील शहरांत आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात न्यू यॉर्क शहरात असे कॅमेरे बसवण्यात आले. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत फिल्म वापरली जात असे. कर्मचाऱ्याला ठरावीक दिवसांनी खांबावरील पेटी उघडून फिल्म काढावी लागे, ती धुवावी लागे आणि क्रमांक डोळ्यांनी वाचावा लागे. डिजिटल छायाचित्रण आणि क्रमांकपट्टी आपोआप वाचणारी संगणकप्रणाली आल्यानंतर हे काम काही क्षणांवर आले. त्यामुळे चलनांची संख्याही मोठ्या प्रमाणात वाढली.

## कार्यपद्धती

कॅमेरा सिग्नलच्या नियंत्रक पेटीशी जोडलेला असतो. दिवा हिरवा किंवा पिवळा असताना तो कोणतीही उल्लंघनाची नोंद करत नाही. दिवा लाल होताच यंत्रणा सज्ज होते. काही ठिकाणी लाल दिवा लागल्यानंतर सेकंदाचा अल्पसा अंश सवलत म्हणून सोडला जातो.

वाहनाची चाहूल पुढीलपैकी एका पद्धतीने घेतली जाते :

* तारेची वेटोळी : थांबरेषेजवळ डांबराखाली विद्युतवाहक तारेची वेटोळी पुरलेली असतात. धातूचे वाहन वरून गेल्यास त्यांच्या चुंबकीय क्षेत्रात बदल होतो. दोन वेटोळ्यांमधील अंतर आणि ते पार करण्यास लागलेला वेळ यांवरून वाहनाचा वेगही काढता येतो.
* रडार : रेडिओ लहरींच्या परावर्तनावरून वाहनाचे स्थान व वेग ठरवला जातो.
* चित्रफीत विश्लेषण : कॅमेऱ्याच्या चित्रात थांबरेषेच्या जागी एक आभासी रेषा आखलेली असते. वाहनाने ती ओलांडल्यास संगणक त्याची नोंद करतो. यासाठी रस्ता खणावा लागत नाही.

पुराव्यासाठी किमान दोन छायाचित्रे घेण्याची पद्धत रूढ आहे. पहिल्या छायाचित्रात दिवा लाल असून वाहन अद्याप थांबरेषेच्या अलीकडे असल्याचे दिसते. दुसऱ्या छायाचित्रात तेच वाहन चौकात शिरलेले दिसते. ही जोडी महत्त्वाची असते, कारण दिवा पिवळा असताना चौकात शिरलेले आणि कोंडीमुळे मध्येच अडकलेले वाहन केवळ एका छायाचित्रात सिग्नल तोडणाऱ्या वाहनासारखेच दिसू शकते. छायाचित्रावर दिनांक, वेळ, ठिकाण, मार्गिका आणि दिवा लाल होऊन किती वेळ झाला होता याची नोंद छापली जाते.

क्रमांक संगणकाने वाचल्यानंतर अनेक देशांत तो पोलीस किंवा प्रशिक्षित कर्मचारी पुन्हा तपासतो. चिखलाने माखलेली पट्टी, नक्षीदार अंक किंवा सारखे दिसणारे अंक यांमुळे यंत्राची चूक होऊ शकते. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी पुढे सरकलेले वाहन किंवा वाहतूक पोलिसाने हाताने पुढे जाण्याची खूण केलेले वाहन ओळखणे हेदेखील या तपासणीचे काम असते.

## पिवळ्या दिव्याचा कालावधी

### द्विधा क्षेत्र

लाल सिग्नल कॅमेऱ्याविषयीच्या बहुतेक तांत्रिक वादांचे मूळ पिवळ्या दिव्यात आहे. रस्त्यावरील चिन्हे व सिग्नल यांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार पिवळ्या दिव्याचा अर्थ थांबणे असाच आहे. मात्र सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतके वाहन जवळ आले असल्यास त्याला पुढे जाण्याची मुभा असते. म्हणून पिवळा दिवा इतका वेळ राहिला पाहिजे, की ज्या चालकाला थांबणे शक्य नाही, तो लाल दिवा लागण्यापूर्वी थांबरेषेपर्यंत पोहोचू शकेल.

डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि ॲलेक्सी मॅराडुडिन या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये या प्रश्नाची गणिती मांडणी केली. त्यांच्या सूत्रानुसार सपाट रस्त्यावर पिवळ्या दिव्याचा किमान कालावधी पुढीलप्रमाणे काढतात : चालकाच्या प्रतिसादाचा वेळ घ्यावा आणि त्यात वाहनाच्या वेगाला मंदनाच्या दुपटीने भागून येणारी संख्या मिळवावी. मंदन म्हणजे ब्रेक लावल्यावर वेग कमी होण्याचा दर.

उदाहरणार्थ, प्रतिसादाचा वेळ १ सेकंद आणि मंदन दर सेकंदाला सेकंदामागे ३ मीटर धरले, तर पुढील आकडे मिळतात :

* ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १३.९ मीटर अंतर कापते. त्याला थांबण्यासाठी सुमारे ४६ मीटर लागतात. पिवळा दिवा किमान ३.३ सेकंद असावा लागतो.
* ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. त्याला थांबण्यासाठी सुमारे ६३ मीटर लागतात. पिवळा दिवा किमान ३.८ सेकंद असावा लागतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर पिवळा दिवा केवळ ३ सेकंद ठेवला, तर त्या वेळेत वाहन ५० मीटर पुढे जाते. दिवा पिवळा होतेवेळी थांबरेषेपासून ५० ते ६३ मीटर अंतरावर असलेल्या चालकापुढे मग दोन्ही मार्ग बंद होतात. नेहमीप्रमाणे ब्रेक लावला तरी तो रेषेअलीकडे थांबू शकत नाही आणि त्याच वेगाने पुढे गेला तरी लाल दिवा लागण्यापूर्वी रेषेपर्यंत पोहोचत नाही. या १३ मीटरच्या पट्ट्याला द्विधा क्षेत्र म्हणतात. तेथे सापडलेला चालक वेगमर्यादा पाळत असला, तरी कॅमेऱ्याच्या नोंदीत तो दोषीच ठरतो. रस्ता ओला किंवा उताराचा असल्यास थांबण्याचे अंतर आणखी वाढते.

निरनिराळ्या देशांत हा कालावधी ठरवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. युनायटेड किंग्डममध्ये पिवळा दिवा सर्वत्र ३ सेकंद असतो. जर्मनीत तो वेगमर्यादेनुसार बदलतो : ताशी ५० किलोमीटरसाठी ३, ६० साठी ४ आणि ७० साठी ५ सेकंद.

### शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहराने २००३ मध्ये लाल सिग्नल कॅमेऱ्यांची योजना सुरू केली. पुढे तिथे पिवळा दिवा ३ सेकंदांपेक्षा किंचित कमी काळ दिसला असतानाही दंड आकारल्याचे २०१४ मध्ये शहराच्या महानिरीक्षकांच्या तपासणीतून उघड झाले. याच योजनेच्या कंत्राटासाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात जॉन बिल्स या माजी शहर अधिकाऱ्यास २०१६ मध्ये १० वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. कंत्राटदार रेडफ्लेक्स कंपनीच्या अमेरिकी शाखेच्या माजी प्रमुखांनाही तुरुंगवास झाला. दंडाच्या रकमेशी ज्याचे हित जोडलेले आहे अशा घटकाच्या हाती अंमलबजावणी असावी का, हा प्रश्न या प्रकरणामुळे अधिक तीव्रतेने विचारला जाऊ लागला.

### यार्लस्ट्रोम प्रकरण

ओरेगन राज्यातील बीव्हर्टन येथे २०१३ मध्ये मॅट्स यार्लस्ट्रोम यांच्या पत्नीला लाल सिग्नल कॅमेऱ्यामुळे दंड झाला. स्वीडनमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या यार्लस्ट्रोम यांनी पिवळ्या दिव्याच्या सूत्राचा अभ्यास केला. सरळ जाणारे वाहन समान वेगाने चौक गाठते, असे १९६० चे सूत्र गृहीत धरते. वळणारे वाहन मात्र वळण्यापूर्वी वेग कमी करते आणि त्यामुळे त्याला अधिक वेळ लागतो, ही त्रुटी त्यांनी दाखवली.

त्यांनी आपले निष्कर्ष राज्याच्या अभियंता परवाना मंडळाला कळवले. परवाना नसताना अभियांत्रिकीचा व्यवसाय केल्याचा ठपका ठेवून मंडळाने त्यांनाच ५०० डॉलरचा दंड ठोठावला. यार्लस्ट्रोम यांनी याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा केला आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पिवळ्या दिव्याविषयीच्या मार्गदर्शक शिफारशी सुधारल्या आणि त्यांत वळणाऱ्या वाहनांचा विचार समाविष्ट केला.

## दायित्व : मालक की चालक

कॅमेऱ्याला वाहनाचा क्रमांक दिसतो. वाहन कोण चालवत होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. या अडचणीवर देशोदेशी वेगवेगळे उपाय योजण्यात आले आहेत.

* न्यू यॉर्क शहर : दंड वाहनमालकाला होतो. रक्कम ५० डॉलर असून परवान्यावर दोषांक चढवले जात नाहीत. पार्किंगच्या दंडाप्रमाणे हे मालकाचे दायित्व मानले जाते.
* युनायटेड किंग्डम : नोंदणीकृत वाहनधारकाला १४ दिवसांत सूचना पाठवावी लागते. त्या वेळी वाहन कोण चालवत होते हे कळवणे त्याच्यावर बंधनकारक असते. ठरावीक दंड १०० पौंड असून ३ दोषांक लागतात.
* जर्मनी : शिक्षा चालकालाच होते, त्यामुळे छायाचित्रात चेहरा ओळखू येणे आवश्यक असते. लाल दिवा लागून १ सेकंदाहून अधिक वेळ झालेला असल्यास गुन्हा अधिक गंभीर मानला जातो आणि दंडाबरोबरच १ महिन्याची वाहनचालन बंदी लागू होते.

अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सेंट लुइस शहराचा कॅमेराविषयक नियम रद्द केला. मालकच वाहन चालवत होता असे गृहीत धरून, तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकणे घटनाबाह्य असल्याचे न्यायालयाने म्हटले.

## भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११९ नुसार वाहतूक चिन्हे व सिग्नल यांचे पालन करणे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडण्याचा उल्लेख कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनाच्या स्पष्टीकरणात करण्यात आला. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिने ते १ वर्षापर्यंत कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्ह्याच्या वेळी वाहन कोण चालवत होते याची माहिती देण्याचे मालकाचे कर्तव्य कलम १३३ मध्ये नमूद आहे.

त्याच दुरुस्तीने कलम १३६अ समाविष्ट झाले. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर तसेच शहरांतील रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची तरतूद त्यात आहे. या कलमाच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ जोडण्यात आला. अधिसूचित झाला त्या स्वरूपात या नियमात पुढील बाबी होत्या :

* उपकरणाला राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे.
* उपकरण अधिक धोक्याच्या व गर्दीच्या मार्गांवर आणि महत्त्वाच्या चौकांत बसवावे. यासाठी १३२ शहरांची यादी देण्यात आली.
* देखरेख चालू असल्याचे सूचनाफलक ठळकपणे लावावेत.
* चलनासोबत गुन्हा व क्रमांकपट्टी स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, उपकरणाने केलेले मापन, दिनांक, वेळ, ठिकाण आणि भंग झालेले कलम द्यावे.
* इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे.
* गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवावी.
* चलन निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवावी.

पुराव्याच्या प्रमाणपत्राची ही तरतूद मूळ नियमात भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब वर आधारित होती. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून तेथे संबंधित तरतूद कलम ६३ मध्ये आहे.

कोइमतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ता सुरक्षेविषयी दाखल केलेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये राज्यांना कलम १३६अ आणि नियम १६७अ यांची अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले. केरळमध्ये जून २०२३ पासून ७२६ स्वयंचलित कॅमेऱ्यांची योजना सुरू झाली. त्यांपैकी बहुतांश कॅमेरे हेल्मेट व सीटबेल्ट यांसाठी असून १८ कॅमेरे लाल सिग्नलसाठी होते.

### महाराष्ट्र

मुंबईत २०१६ मध्ये शहरव्यापी सीसीटीव्ही जाळे कार्यान्वित झाले आणि त्याच सुमारास ई-चलन पद्धत सुरू झाली. पुढे राज्यभरासाठी एकच ई-चलन प्रणाली लागू करण्यात आली. त्यामुळे पुण्यात नोंदलेल्या वाहनाने नागपुरात सिग्नल तोडल्यास त्याची नोंद त्याच प्रणालीत होते. वाहनमालकाला नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर संदेश येतो. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर वाहन क्रमांक देऊन चलन व त्याचे छायाचित्र पाहता येते.

वाहन विकल्यानंतर हस्तांतराची नोंद झालेली नसल्यास चलन जुन्या मालकाच्या नावावर येत राहते. मोबाइल क्रमांक बदलला असून परिवहन कार्यालयात अद्ययावत केलेला नसल्यास मालकाला चलनाची माहितीच मिळत नाही आणि थकबाकी साचत जाते. बनावट क्रमांकपट्टी लावलेल्या वाहनाच्या गुन्ह्याचे चलन खऱ्या मालकाकडे जाण्याचे प्रकारही घडतात. अशा वेळी छायाचित्रातील वाहनाचा प्रकार, रंग आणि इतर खुणा आपल्या वाहनाशी जुळतात का, हे पाहणे उपयुक्त ठरते. चलन चुकीचे वाटल्यास ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. दंड मान्य नसल्यास प्रकरण न्यायालयापुढे नेता येते. प्रलंबित चलनांची प्रकरणे लोकअदालतींतही ठेवली जातात.

चलनाच्या नावाने येणारे बनावट संदेश ही अलीकडील समस्या आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या अशा संदेशातील फाइल उघडल्यास मोबाइलमध्ये घातक ॲप शिरते आणि बँक खात्यातील पैसे काढले जाऊ शकतात. त्यामुळे संदेशातील दुव्यावर न जाता अधिकृत संकेतस्थळावर स्वतंत्रपणे वाहन क्रमांक टाकून खात्री करणे सुरक्षित असते.

## परिणामकारकता

लाल सिग्नल कॅमेऱ्यांमुळे अपघात कमी होतात का, या प्रश्नावर संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनासाठी २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३२ चौकांचा अभ्यास करण्यात आला. त्यात काटकोनी धडका २४.६ टक्क्यांनी घटल्या, तर मागून बसणाऱ्या धडका १४.९ टक्क्यांनी वाढल्या, असे आढळले. दंडाच्या भीतीने पुढचा चालक अचानक ब्रेक लावतो आणि मागच्याला थांबता येत नाही, हे या वाढीचे कारण मानले जाते. काटकोनी धडकेत वाहनाच्या बाजूवर थेट आघात होत असल्याने ती सामान्यतः अधिक जीवघेणी असते. म्हणून केवळ अपघातांची संख्या मोजून यंत्रणेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने कॅमेरे बंद केलेल्या १४ शहरांची तुलना ते चालू ठेवणाऱ्या शहरांशी केली. बंद केलेल्या शहरांत सिग्नल तोडल्याने होणाऱ्या प्राणघातक अपघातांचे लोकसंख्येच्या तुलनेतील प्रमाण ३० टक्क्यांनी अधिक असल्याचे या अभ्यासात म्हटले आहे. याउलट ह्यूस्टन शहरात मतदारांच्या कौलानंतर कॅमेरे बंद झाल्यावर जस्टिन गॅलाघर आणि पॉल फिशर यांनी केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण अपघात वा जखमींची संख्या कॅमेऱ्यांमुळे घटल्याचा पुरावा आढळला नाही. टेक्सास राज्याने २०१९ मध्ये कायदा करून लाल सिग्नल कॅमेऱ्यांवर बंदी घातली.

## टीका व पर्यायी उपाय

कॅमेऱ्याच्या समर्थकांच्या मते यंत्र ओळखपाळख पाहत नाही, लाच घेत नाही आणि रात्री पोलीस नसलेल्या चौकातही नियमाचा धाक कायम ठेवते. टीकाकारांच्या मते दंडाच्या उत्पन्नाची सवय लागली, की पिवळा दिवा वाढवण्यासारखे कमी खर्चाचे उपाय मागे पडतात. सूचना गुन्ह्यानंतर अनेक दिवसांनी मिळत असल्याने त्या वेळी नेमके काय घडले होते हे चालकाला आठवत नाही, हाही एक आक्षेप आहे.

कॅमेऱ्याला पूरक किंवा पर्याय म्हणून पुढील उपाय सुचवले जातात :

* रस्त्यावरील प्रत्यक्ष वेग आणि उतार लक्षात घेऊन पिवळ्या दिव्याचा कालावधी निश्चित करणे.
* एका दिशेचा दिवा लाल झाल्यावर दुसऱ्या दिशेचा हिरवा होण्यापूर्वी काही क्षण सर्व दिवे लाल ठेवणे, म्हणजे चौकात असलेली वाहने बाहेर पडू शकतात.
* थांबरेषा व झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे वेळोवेळी रंगवणे. पुसट झालेली रेषा चालकाला दिसत नाही. कॅमेऱ्याच्या आभासी रेषेची जागा मात्र तीच राहते.
* सिग्नलसमोरील झाडांच्या फांद्या व फलक हटवणे.
* जेथे वाहनाऐवजी चौकाची रचनाच धोकादायक आहे, तेथे वाहतूक बेट उभारणे.

## हे सुद्धा पहा

* वाहतूक नियंत्रक दिवा
* वेगमापक कॅमेरा
* ई-चलन
* मोटार वाहन अधिनियम, १९८८